जुन्या मालवाहू गाडीचे स्पार्क प्लग केव्हा बदलावेत?

(आंबा बागायतदारांच्या मेळाव्यात कृषी अवजारे व यंत्रे या विषयाच्या एका प्राध्यापकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण मोहोर, तुडतुडे, फळगळ आणि काढणी यांबद्दल ऐकले. आता जेवणाच्या आधी माझ्यावर गाडीविषयी बोलण्याची पाळी आली आहे. काहींना वाटेल, कृषी विद्यापीठाच्या माणसाचा गाडीच्या प्लगशी काय संबंध? संबंध असा की बागेत वर्षभर खपून तयार केलेला माल शेवटी चार चाकांवरच बाजाराला जातो. फवारणी चुकली तर काही टक्के फळ जाते. काढलेला आंबा भरलेली गाडी एप्रिलच्या उन्हात घाटात उभी राहिली, तर पूर्ण खेपेचा भाव जातो.

गेल्या हंगामातली एक हकीकत सांगतो. आमच्या शेजारगावचे एक बागायतदार सकाळी सकाळी माझ्या दारात आले. त्यांची चार सिलिंडरची, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारी छोटी मालवाहू गाडी. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलेली. मीटरवर एक लाख साठ हजार किलोमीटर. आदल्या रात्री तीस पेट्या घेऊन ते कोल्हापूरला निघाले होते. साखरपा सोडून आंबा घाटाचा चढ लागला आणि गाडी धक्के मारू लागली. पेट्रोलवर टाकली तर जरा बरी चाले, गॅसवर आणली की पुन्हा तेच. रडतखडत घाट चढले, पण बाजारात पोचेपर्यंत सौदे उरकत आले होते. येताना वाटेतल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवले. तेथील माणसाने सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर पाहिला आणि सांगितले, "इंजिन उतरलंय, रिंगा गेल्या, पन्नास हजार धरून चला."

"सर, हंगामाच्या तोंडावर पन्नास हजार कुठून आणू? आणि गाडी आठ दिवस तिथं उभी राहिली तर माल कशातून नेऊ?" ते म्हणाले.

मी म्हटले, "दादा, इंजिन उघडायचं ते नंतर बघू. आधी चार प्लग काढू. ते काय सांगतात ते ऐकू."

त्या प्लगांनी काय सांगितले ते पुढे येईलच. आधी थोडी मूळ माहिती घेऊ.

पहिली गोष्ट, ज्यांच्याकडे डिझेलची गाडी, ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आहे त्यांच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. काही डिझेल गाड्यांना हीटर प्लग असतात, पण ते थंडीत इंजिन चालू होताना मदत करण्यापुरते. त्यांचा आजच्या विषयाशी संबंध नाही. परंतु अलीकडे लहान मालवाहू गाड्यांत पेट्रोल आणि सीएनजी इंजिने पुष्कळ झाली आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्या नियमात बसवणे महाग पडू लागले, आणि त्यानंतर या छोट्या गाड्यांत ठिणगीवर चालणारी इंजिने अधिक दिसू लागली. त्यामुळे ज्यांचा सगळा जन्म डिझेल गाडीवर गेला त्यांच्या घरीही आता प्लगची गाडी आली आहे, आणि प्लग बदलायचा असतो हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

आमच्या वयाच्या लोकांना प्लग नवा नाही. स्कूटर होती तेव्हा डिकीत एक जादा मायकोचा प्लग आणि एक पाना ठेवलेला असायचाच. स्कूटर बंद पडली की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि पुन्हा लावायचा. ती मायको कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली, स्कूटरही गेली, पण प्लग घासायची ती सवय मात्र आपल्या हाताला राहिली. ती आज कोठे उपयोगी आणि कोठे घातक, ते पुढे सांगतो.

प्लगचे काम दिसायला सोपे आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून काही हजार व्होल्ट होतात, अगदी वीस-पंचवीस हजारांपर्यंत. तो दाब प्लगच्या मधल्या काडीवर येतो आणि मधली काडी व बाजूची वाकडी पट्टी यांच्यामधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. फट मिलिमीटरच्या आसपास असते. पुष्कळ गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटर यांच्या दरम्यान असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. मधल्या काडीभोवती पांढरी चिनी माती असते, तिच्यामुळे वीज आडवाटेने निघून जात नाही.

आता हिशेब करा. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे असे धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे प्रत्येक प्लगला मिनिटाला १,५०० ठिणग्या. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजेच किलोमीटरला १,५०० ठिणग्या झाल्या. तीस हजार किलोमीटरला साडेचार कोटी. ज्या गाड्यांत दोन प्लगांना मिळून एकच कॉइल असते, त्यांत धूर बाहेर टाकतानाही एक फुकटची ठिणगी पडते. तेथे हा आकडा दुप्पट होतो.

प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण घेऊन जाते. साध्या निकेलच्या प्लगची फट हजार किलोमीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर किंवा थोडी अधिक वाढते. तीस हजाराला ०.८ ची फट १.१ झाली. फट वाढली की ती ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, तो भार कॉइलवर पडतो. कॉइल काही दिवस निभावून नेते. मग एक दिवस चढ येतो.

चढावरच का, सपाटीवर का नाही? याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन भरपूर जाते, दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणे अवघड जाते. म्हणून झिजलेला प्लग रिकाम्या गाडीत गावातल्या गावात कुरकुर न करता चालतो आणि भरल्या गाडीत घाटात हटकून दगा देतो. आणि सीएनजीवर आणखी लवकर देतो, कारण गॅस आणि हवेचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. तेव्हा गाडी पेट्रोलवर बरी आणि गॅसवर धक्के मारते असे दिसले, तर गॅसचे किट खोलण्याआधी प्लग आणि कॉइल पाहावेत. ते ठीक निघाले तर मग गॅसचा फिल्टर आणि रिड्यूसर.

आता मुख्य प्रश्न. प्लग केव्हा बदलावेत?

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेला आकडा हा पहिला आधार. तो नसेल तर ढोबळ अंदाज असा: साधे निकेलचे प्लग वीस ते चाळीस हजार किलोमीटर, प्लॅटिनमचे साठ हजार ते एक लाख, इरिडियमचे एक लाखाच्या आसपास. हा फरक धातूच्या काटकपणामुळे पडतो. निकेल सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७७० च्या आसपास आणि इरिडियम २,४०० च्याही वर. गाडी मुख्यतः सीएनजीवर चालत असेल तर या आकड्यांतील खालचा आकडा धरावा आणि त्याच्याही निम्म्यावर एकदा प्लग काढून फट मोजावी.

येथे एक गैरसमज काढून टाकतो. पुष्कळजण विचारतात, "सर, गाडी दीड लाख चालली, आता प्लग लवकर बदलायला हवेत का?" गाडी एकूण किती चालली हे प्लगला ठाऊक नसते. तो बसवल्यापासून किती चालला एवढेच महत्त्वाचे. दीड लाख चाललेल्या पण तंदुरुस्त इंजिनात नवा प्लग नव्या गाडीइतकाच टिकेल. मात्र जुन्या इंजिनाच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली असतील तर ऑइल वर येते, प्लगवर जळते, आणि तो वेळेआधी निकामी होतो. अशा वेळी दर पाच-सहा हजारांवर प्लग बदलत बसणे म्हणजे छपराचे कौल न बदलता खाली भांडी ठेवत बसण्यासारखे आहे.

दुसरे असे की, मीटरचे किलोमीटर सगळे सांगत नाहीत. आपली गाडी हंगामात बागेतून पॅकिंग शेडमध्ये आणि शेडमधून बागेत दिवसभर दोन-दोन किलोमीटर फिरते. पेट्या भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवायची काहींची सवय असते. अशा चालीत प्लग पुरता तापत नाही. प्लगच्या टोकाचे तापमान साधारण ५०० अंशांच्या वर गेले की त्यावरची काजळी आपोआप जळून साफ होते. त्याखाली ती साठत जाते. (८०० च्या वर गेले तर उलटा धोका, इंधन ठिणगीआधीच पेट घेते.) म्हणून महिन्याला तीनशे किलोमीटर बागेत फिरणाऱ्या गाडीचे प्लग, महिन्याला तीन हजार किलोमीटर महामार्गावर धावणाऱ्या गाडीच्या प्लगपेक्षा खराब निघाले तर नवल मानू नये.

आणि ज्यांनी जुनी गाडी विकत घेतली आहे त्यांनी एक करावे. आधीच्या मालकाने प्लग कधी बदलले हे तो सांगेल, पण त्यावर विसंबू नये. गाडी घरी आली की पूर्ण संच बदलावा आणि तारीख व किलोमीटर कागदावर लिहून तो बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावा. चार साध्या प्लगांना हंगामाच्या सुरुवातीच्या आंब्याच्या एका पेटीएवढेही पैसे लागत नाहीत.

आता त्या बागायतदार बंधूंच्या गाडीकडे वळू. प्लग काढताना मी एक पद्धत पाळतो. एका फळीला चार भोके, त्यांना एक ते चार आकडे. ज्या सिलिंडरचा प्लग त्या भोकात. चारही प्लग एका डब्यात टाकले की अर्धी माहिती गेली.

पहिले तीन प्लग फिकट तपकिरी, भाजलेल्या रव्याच्या रंगाचे. म्हणजे त्या तीन सिलिंडरमध्ये ज्वलन ठीक चालले होते. पण मधली काडी, जिची कड नव्या प्लगमध्ये धारदार चौकोनी असते, ती झिजून गोल झालेली. फिलर गेज घातला तर फट १.२ मिलिमीटर. त्या गाडीच्या पुस्तकात ०.८ होती. त्यांनी गाडी घेतल्यापासून, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर, प्लगला हात लागलेला नव्हता. चौथा प्लग मात्र काळा, ओला आणि चकचकीत. बोटाला ऑइल लागले.

येथेच वर्कशॉपवाल्याचे म्हणणे खरे की खोटे हे ठरणार होते. ऑइल वर येते हे खरेच होते, पण कोठून? रिंगा झिजल्या असतील तर इंजिन उघडावे लागते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सीले गेली असतील तर काम त्या मानाने पुष्कळ थोडक्यात होते. दोन्हीत प्लग तसाच काळा दिसतो, म्हणून नुसता प्लग पाहून निर्णय देऊ नये.

मी त्यांना विचारले, "निळा धूर नेहमी येतो की कधी कधी?" ते म्हणाले, "सकाळी पहिल्यांदा चालू केली की येतो. आणि परत येताना घाट उतरून साखरप्यात आलो, पाय दिला, की एकदम भपकारा येतो. एरवी नाही." हे ऐकून माझा निम्मा जीव भांड्यात पडला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर उतरते तेव्हा सिलिंडरकडे जोराची ओढ निर्माण होते आणि फाटक्या सीलमधून ऑइल आत खेचले जाते. पुढे पाय दिला की ते जळते. रात्रभर उभ्या गाडीतही ऑइल त्याच वाटेने झिरपते. रिंगा गेलेल्या गाडीचा धूर मात्र असा वेळ पाहून येत नाही, चढावर ओझे ओढतानाही तो निघतच राहतो.

तरीही मोजून पाहिले. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि ठिणगी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर घेतला. तीन सिलिंडर १२ किलोच्या आसपास, चौथा साडेअकरा. एवढा फरक जुन्या गाडीत चालतो. चौथा आठ-नऊवर असता आणि आत चमचाभर ऑइल सोडल्यावर वर चढला असता, तर रिंगांचा दोष मानला असता. म्हणजे रिंगा धडधाकट होत्या. आम्ही चार नवे प्लग बसवले आणि तो पूर्ण हंगाम गाडीने आंबा घाटातून माल ओढला. चौथा प्लग मध्ये एकदा काढून पाहिला, पुन्हा काळवंडत चालला होता, म्हणून एक जादा प्लग गाडीत ठेवायला सांगितले. जूनमध्ये पाऊस लागल्यावर, गाडीला काम नसताना, त्यांनी सीले बदलून घेतली. वर्कशॉपने सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही ते काम झाले. त्या वर्कशॉपवाल्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने धूर पाहिला, प्लग पाहिले नाहीत, इतकेच.

प्लगचे आणखी काही रंग ओळखून ठेवावेत. कोरडी, मऊ, कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी असेल तर इंधन जास्त जाते किंवा हवेचा फिल्टर चोंदला आहे. आपल्याकडे जांभ्याच्या तांबड्या धुळीने फिल्टर फार लवकर भरतो, तो आधी पाहावा. टोक पांढरे फटक आणि चिनी मातीवर बारीक फोड आले असतील तर इंजिन जास्त तापते, इंधन कमी पडते किंवा चुकीचा प्लग बसवला आहे. चारांतला एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर खूश होऊ नये. हेडच्या गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे, अशी गाडी चालवू नये. चिनी मातीवर केसासारखी जरी चीर दिसली तरी प्लग फेकावा. मात्र चिनी माती धातूला मिळते तेथे बाहेरच्या बाजूने जे तपकिरी वलय दिसते, ते पाहून घाबरू नये. विजेच्या दाबाने तेथे ऑइलचे कण चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. पुष्कळ मेकॅनिक त्यालाच लीक म्हणतात.

तसेच, प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या भोकात ऑइल साचलेले आढळले तर ते वरच्या झाकणाच्या रबरातून आलेले असते. प्लगच्या जळत्या टोकावरचे ऑइल वेगळे आणि हे वेगळे. याचा रिंगांशी काही संबंध नाही. पावसाळ्यात त्याच भोकात पाणीही साचते. गाडी धुताना इंजिनावर जोराचा फवारा मारू नये. पाणी गेले तर ठिणगी रबरी टोपीच्या बाहेरून सरळ लोखंडावर उडते आणि टोपीवर काळी बारीक रेघ उमटते. ती रेघ दिसली तर नुसता प्लग बदलून भागत नाही, टोपीही बदलावी लागते.

धक्के मारणारी गाडी तशीच रेटण्यात आणखी एक धोका आहे आणि आपल्या भागात तो फार मोठा आहे. ठिणगी पडली नाही की न जळलेले इंधन सायलेन्सरकडे जाते. हल्लीच्या गाड्यांत तेथे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. हे इंधन त्याच्यात जाऊन जळते, तो लालबुंद होतो आणि शेवटी आतून वितळतो. नव्या कन्व्हर्टरची किंमत विचारून पाहा, मग प्लग फुकट वाटतील. समोरच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला तर त्याचा अर्थ हाच असतो. तेव्हा पाय सैल करावा, गाडी बाजूस घ्यावी. पण बाजूस म्हणजे कोठे, ते पाहावे. मार्च-एप्रिलात बागेतले आणि रस्त्याकडेचे गवत वाळून कोळ झालेले असते. वणव्याने दरवर्षी किती कलमे जळतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तापलेला कन्व्हर्टर वाळल्या गवतावर टेकला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही, आणि गाडीत गॅसची टाकी आहे. बागेत गाडी उभी करण्याची जागा हंगामाआधीच साफ करून ठेवावी.

आता बदलण्याच्या पद्धतीविषयी. यात मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी, उत्साहाच्या भरात, गरम इंजिनाचा प्लग ताकद लावून काढला. हेड ॲल्युमिनियमचे. प्लगबरोबर हेडचे आटेही सोलून आले. हेड उतरवून नवे आटे बसवून घ्यावे लागले आणि माझा महिन्याचा निम्मा पगार त्यात गेला. तेव्हापासून इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय मी प्लगला हात लावत नाही.

आधी प्लगभोवतीची धूळ पंपाने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. कॉइल किंवा तारा एकेक करून काढाव्यात, अदलाबदल होऊ देऊ नये. जुन्या गाडीत प्लग जाम असेल तर थोडा सैल करून पुन्हा आत फिरवावा, आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडावेत, थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा. नवा प्लग सुरुवातीला पान्याने बसवू नये. त्याच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा लावावा आणि नळीने फिरवावा. आटा तिरका बसू लागला की नळीच हातात घसरते आणि आपण वाचतो. बोटाने घट्ट झाल्यावर, वायसर असलेला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग पुरे. आपल्याकडे "आणखी थोडा आवळ" म्हणणारा एक माणूस जवळ उभा असतोच, त्याचे ऐकू नये.

फट बसवण्यापूर्वी गेजने पाहावी, नव्या प्लगचीही. कमी-जास्त करायची तर फक्त बाजूची पट्टी हलकेच वाकवावी, मधल्या काडीवर जोर देऊ नये. आणि पॉलिश पेपरची ती जुनी सवय! साधा निकेलचा प्लग अडचणीच्या वेळी घासून घरी येण्यापुरता चालेल. प्लॅटिनम आणि इरिडियमच्या प्लगला पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नये. त्यांच्या टोकावरचा मौल्यवान धातू सुईच्या अग्राएवढाच असतो, घासला की गेला.

दुकानात प्लग घेताना गाडीच्या पुस्तकातला नंबर सांगावा, जुना प्लग दाखवून "असाच द्या" म्हणू नये, कारण जुनाच चुकीचा असू शकतो. नंबरात प्लगची उष्णतेची प्रत असते आणि येथे गोंधळ होतो. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा होतो, बॉशच्या प्लगमध्ये आकडा वाढला की गरम प्रकारचा. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावला तर सगळेच उलटे होते. नकली मालही बाजारात आहे, म्हणून बिल घ्यावे. आणि चारपैकी एकच बदलण्याची काटकसर करू नये.

नवे प्लग लावूनही एक सिलिंडर चुकत असेल तर कॉइल तपासावी. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर पद्धत सोपी आहे. दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदला. दोष दोनवरून तीनवर गेला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर दुसरे काही.

गवत कापण्याचे यंत्र आणि पाठीवरचा पेट्रोल पंप यांच्याविषयी दोनच शब्द. त्यांतली बहुतेक दोन स्ट्रोकची असतात, प्रत्येक फेऱ्याला ठिणगी, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले. त्यांना किलोमीटर नसतात, म्हणून दर हंगामाला एक नवा प्लग असे ठरवून टाकावे. जुना घासून पिशवीत ठेवावा, अडीअडचणीला.

आपल्या गाडीसाठी माझ्या मते उत्तम वेळ म्हणजे पाडव्याच्या आधीचा महिना, पहिली पेटी जाण्यापूर्वी. बाहेर आठ-दहा गाड्या उभ्या आहेत आणि सकाळपासून त्या थंड झाल्या आहेत. फळी, प्लग पाना आणि फिलर गेज मी बरोबर आणले आहेत. जेवणाला अजून अर्धा तास अवकाश आहे. ज्यांची गाडी सर्वांत जास्त चालली असेल त्यांनी किल्ली घेऊन पुढे यावे, तिचे प्लग आपण आत्ताच काढून पाहू.